सांधा कुणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'बोट, आगगाडी आणि जपान' असा छापला आहे. तेव्हा जपानला आपण जाणारच आहोत. पण नाशिककरांना जपानला जायचं म्हटलं तरी आधी कसारा उतरावा लागतो. म्हणून आम्ही सुरुवात कसाऱ्यापासून करतो.

आपल्याकडे प्रवासाचा इतिहास म्हणजे वाहनांचा इतिहास, असं धरून चालतात. पहिली आगगाडी कधी धावली, पहिली आगबोट कधी आली, इंजिनाला किती डबे होते, वगैरे. १६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेतल्या पोरालाही पाठ असते: बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. पण प्रवासी काही सगळा वेळ वाहनात नसतो. एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंतही तो प्रवासीच असतो. काखेत वळकटी, कडेवर पोर, हातात पाण्याचा तांब्या आणि मनात एकच धास्ती, पुढचं वाहन मिळेल ना? या मधल्या तुकड्याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. आमचं म्हणणं असं, की एखादा समाज प्रवाशाला कसा वागवतो ते नेमकं याच तुकड्यात कळतं. रेल्वेच्या मराठीत एक चांगला शब्द आहे, 'सांधा'. रूळ एकमेकांना मिळतात तो सांधा, आणि तो बदलणारा तो सांधेवाला. तर आमचा आजचा प्रश्न हा: दोन वाहनांच्या मधला जो सांधा असतो, तो कुणाचा?

घाटाखाली एक, घाटावर एक

१८६१ साल घ्या. त्या वर्षी खालून येणारा लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोचला होता, आणि वर इगतपुरीपासून आपल्या नाशिकच्या बाजूचा लोहमार्गही सुरू झाला होता. मध्ये उभा होता थळघाट. त्या घाटातून गाडी जायला १८६५ चा जानेवारी उजाडला. म्हणजे चारएक वर्षं आपली रेल्वे दोन तुकड्यांत होती, एक घाटाखाली आणि एक घाटावर. मधलं अंतर आग्रा रोडच्या घाटानं, बैलगाडीत बसून नाहीतर पायी.

पुण्याकडे हेच त्याच्या आधी घडलं होतं. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये बोरघाट. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखी किंवा तट्टू किंवा बैलगाडी करायचा, घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. हा मधला घाट १८६३ मध्ये रेल्वेनं पार केला. दोन्ही घाटांत चढ सदतीसाला एक असा खडा. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि मग ती वर चढते. तुम्ही ते शेकडो वेळा पाहिलं असेल. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा ध्यानात घ्या, की तो एक जुना सांधा आहे आणि तो रोज नव्यानं सांधला जातो.

आता यातली आमच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट. घाटाखालचा तुकडा आणि घाटावरचा तुकडा, दोन्ही एकाच कंपनीचे होते, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे. मधली फट जितके दिवस राहील तितके दिवस नुकसान त्याच कंपनीचं. खानदेश-वऱ्हाडचा कापूस घाटमाथ्यावर उतरवून पुन्हा गाड्यांत भरायचा म्हणजे वेळ गेला, पैसा गेला. त्यामुळे ती फट बुजवण्याची घाई त्या कंपनीला होती. घाटाच्या कामात मजूर किती मेले, कोणत्या साथीनं मेले, ते वेगळं आणि काळंकुट्ट प्रकरण आहे, आणि त्यातून कंपनीचा दयाळूपणा मुळीच सिद्ध होत नाही. पण सांध्याला मालक होता, एवढं खरं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच गावात आहे. नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. गाडी स्टेशनात आणून उभी केली की रेल्वेचं काम संपलं. तिथून पंचवटीपर्यंत यात्रेकरूनं कसं यायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर एक तोड निघाली: स्टेशन ते नाशिक गाव अशी घोड्यांची ट्राम. त्या काळी केवढी अपूर्वाई असेल! पण ती ट्राम रेल्वेची नव्हती, वेगळ्या व्यवस्थेची होती. प्लेगची साथ आली, दुष्काळ आला, तोटा वाढला आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ती बंद पडली. रेल्वेचं तिच्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते उतारूंचं. पुढे टांगे आले, मग मोटारी, मग रिक्षा. सांधा पुन्हा प्रवाशाच्याच खांद्यावर आला, तो जवळजवळ आजपर्यंत तिथेच आहे.

बोट लागते तेव्हा

आता घाटावरून खाली समुद्रावर जाऊ. कोकणच्या माणसाला कित्येक दशकं ना घाटाचा आधार होता ना रुळांचा. त्याची वाट पाण्यावरून. मराठीत 'बोट लागणे' हा वाक्प्रचार तिथूनच रुळला असणार. पोटात ढवळतं, डोकं गरगरतं, म्हणजे बोट लागली. मग आपण तेच क्रियापद गाडीला लावलं आणि घाटात आपल्याला 'गाडी लागायला' लागली. भाषेत एवढं खोल जाऊन बसलेलं वाहन म्हणजे ते लोकांच्या जगण्यात किती असेल, याची कल्पना करा.

मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत गोव्याकडे जायची. डेकवर पथारी, ट्रंका, फळकुटांच्या पेट्या, रडणारी पोरं. पण खरी कसोटी होती ती उतरताना. बऱ्याच ठिकाणी आगबोट काठाला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात उतरायचं. गरोदर बाई, म्हातारा माणूस, गणपतीला निघालेला गिरणी कामगार, सगळे तसेच. पडाव वाळूला टेकला की गुडघाभर पाण्यातून, नाहीतर हमालाच्या खांद्यावरून किनारा. तिथून पुढे बैलगाडी, नाहीतर पायवाट. बोट एका कंपनीची, पडाव दुसऱ्याचा, हमाल तिसरा, रस्ता लोकल बोर्डाचा, आणि आगगाडी मुळात कोणाचीच नाही, कारण ती नव्हतीच. या सगळ्यांना जोडणारा एकच दुवा होता, तो म्हणजे स्वतः प्रवासी. तो धडधाकट असला तर प्रवास पुरा व्हायचा.

पावसाळ्यात समुद्र खवळला की ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होतो म्हणतात, तोवर कोकण आणि मुंबई यांच्यामध्ये पाण्याची भिंत. मात्र मुंबई बंदराच्या आसपासच्या जवळच्या फेऱ्या पावसातही चालायच्या. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागच्या बाजूला रेवसला जाणारी बोट ही त्यातलीच.

१७ जुलै १९४७. आषाढातली अवस, गटारीचे दिवस. सकाळी 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सणाला घरी जाणारे चाकरमाने, मासळी विकून परतणाऱ्या बाया, व्यापारी, मुलंबाळं. पाऊस, वारा आणि मोठाल्या लाटा. मुंबईपासून काही मैलांवर काशाच्या खडकाजवळ बोट एका अंगाला कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. जी वाचली त्यांतल्या अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. मुंबईला बातमी कळायला काही तास गेले.

स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता. देशाचं लक्ष फाळणीकडे आणि दिल्लीकडे. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, गावागावांत रामदास बोटीची आठवण घराघरांतून सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते. पण मराठी माणसाच्या सार्वजनिक इतिहासात तिला किती जागा आहे? या मंडपातल्या तरुणांनी हात वर करावेत, किती जणांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं? बघा, हात पुष्कळ आहेत.

हे ध्यानात ठेवून आता जपानला जाऊ. कारण रामदासनंतर सात-आठ वर्षांतच तिथेही बोटी बुडाल्या. तिथे पुढे काय झालं, ते आपल्याला तुलनेसाठी हवं आहे.

जोडणारी बोट

जपान हा बेटांचा देश, तेव्हा रूळ कुठेतरी पाण्याशी येऊन संपणारच. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी, पाण्यापलीकडे होक्काइदो बेटावर हाकोदाते. या दोन गावांमध्ये १९०८ पासून रेल्वेची स्वतःची बोट चालायची. तिला जपानी शब्द आहे 'रेनराकुसेन', म्हणजे जोडणारी बोट. नावातच सांधा आहे. माणूस तोक्योच्या उएनो स्टेशनवर गाडीत बसला, रात्रभर प्रवास करून आओमोरीला उतरला, फलाटाच्या टोकाकडून थेट बोटीत चढला, पावणेचार तासांनी हाकोदातेला उतरला आणि समोरच्या फलाटावरच्या गाडीत बसला. बोटीच्या पोटात रूळ होते, मालाचे डबे रुळांवरून तसेच आत ढकलायचे. गाडी रेल्वेची, बोट रेल्वेची, धक्काही रेल्वेचा.

२६ सप्टेंबर १९५४ च्या संध्याकाळी मोठं वादळ होक्काइदोकडे येत होतं. हाकोदातेला 'तोया मारू' ही बोट निघायची खोळंबली होती. पाचच्या सुमारास वारा पडला, आभाळ उघडलं. कप्तानाला वाटलं, वादळाचा डोळा डोक्यावरून जातो आहे, आता जोर ओसरणार. बोट निघाली. पण वादळ गेलं नव्हतं. बंदराबाहेर नांगर टाकून ती लाटांशी झुंजली, मागच्या बाजूनं डब्यांच्या जागेत पाणी शिरलं, तिथून ते इंजिनाकडे गेलं, आणि रात्री पावणेअकराच्या आसपास ती उलटली. ११५५ माणसं गेली. त्याच रात्री रेल्वेच्या आणखी चार बोटी तिथे बुडाल्या.

आठ महिनेही झाले नाहीत तोच, ११ मे १९५५ रोजी, दक्षिणेला दुसरा घाव. ताकामात्सुहून उनोला जाणारी 'शिउन मारू' दाट धुक्यात रेल्वेच्याच दुसऱ्या मालवाहू बोटीवर आदळली आणि काही मिनिटांत बुडाली. १६८ जण गेले. त्यांतले शंभर शाळेच्या सहलीला निघालेली मुलं, बहुतेक मुली.

या दोन घटनांनंतर जे झालं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, कुणाला विचारायचं हा प्रश्नच उद्भवला नाही. बोट रेल्वेची, म्हणजे जाब रेल्वेला. तोया मारूच्या चौकशीत नुसत्या कप्तानावर खापर फोडून मोकळं होणं झालं नाही, बोटींच्या बांधणीवर आणि रेल्वेच्या कारभारावरही बोट ठेवलं गेलं. शिउन मारूनंतर राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष नागासाकी यांना जावं लागलं. त्यांच्या जागी सोगो शिंजी आले, आणि या सोगोंनीच पुढे शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनचा आग्रह धरला, जी १९६४ मध्ये धावली. आज बुलेट ट्रेनची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ती ज्यानं घडवली तो माणूस एका बोटीच्या अपघातामुळे त्या खुर्चीवर आला होता, ही गोष्ट त्या चर्चेत कुठे येत नाही.

दुसरी गोष्ट, नव्या बोटी बांधताना मागचा दरवाजा पाणी शिरणार नाही असा करण्यात आला. तिसरी, शाळांमध्ये पोहणं शिकवण्याला जोर आला. आणि चौथी सर्वांत मोठी. आओमोरी-हाकोदाते समुद्राखालून बोगदा काढायची कल्पना आधीपासून होती, पाहणीही सुरू झाली होती. पण ती कागदावर रेंगाळत होती. बुडालेल्या माणसांनी ती फाईल वर काढली, असं म्हटलं तर चुकणार नाही. १३ मार्च १९८८ रोजी जवळजवळ ५४ किलोमीटरचा सेइकान बोगदा उघडला. त्यातले २३ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून आहेत. त्याच दिवशी जोडणारी बोट नियमित सेवेतून निवृत्त झाली. महिनाभरातच, १० एप्रिलला, दक्षिणेला सेतो ओहाशी हा पूल उघडला, वर मोटारी आणि खाली आगगाडी, आणि ताकामात्सुची रेल्वेची बोटही थांबली.

आमचा एक दिवस

२०१७ साली आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती, जपानला गेलो होतो तेव्हा एक अख्खा दिवस या सांध्यांसाठी राखून ठेवला होता. सकाळी ओकायामाहून लहान गाडीनं उनोला गेलो. रेल्वेची बोट जाऊन तीस वर्षं होत आली होती, पण एक खासगी बोट तेव्हा अजून चालत होती. तीही पुढे २०१९ च्या अखेरीस बंद झाली. तासाभराचा प्रवास, चहाच्या बशीसारखा शांत समुद्र, छोटी हिरवी बेटं. शिउन मारू याच पाण्यात बुडाली हे माहीत नसतं तर त्या पाण्यावर संशय घेण्याचं काही कारणच नव्हतं.

ताकामात्सु स्टेशनच्या फलाटालगत एक लहानसं दुकान होतं, 'रेनराकुसेन उदोन'. जुन्या बोटीच्या डेकवर लोक उभ्या उभ्या गरम शेवयांचा वाडगा खायचे, ती चव गावाला सोडवेना म्हणून बोट गेल्यावरही दुकान बोटीच्या नावानं चाललं. रश्शात मासा असतो हे कळल्यावर सौभाग्यवतींनी पिशवीतले दशमी-लोणचे काढले. वाडगा आमच्या वाट्याला आला. परतीला पुलावरून आगगाडी. खिडकीतून खाली पाहिलं की तेच पाणी आणि त्यावर होड्यांच्या पांढऱ्या रेघा. सकाळी जे अंतर तासाभराचं होतं ते आता काही मिनिटांत मागे पडलं.

मग ओकायामाहून हिरोशिमा, तिथून स्थानिक गाडीनं मियाजिमागुची, आणि तिथून दहा मिनिटांच्या बोटीनं मियाजिमा बेट. इथे एक साधी गोष्ट घडली. आमच्याजवळ परदेशी प्रवाशांना मिळणारा रेल्वेचा पास होता. बोटीच्या दारात आम्ही तिकिटाचे पैसे काढायला लागलो तर तिथल्या कर्मचाऱ्यानं पास पाहिला आणि नुसती मान लववून आत जायची खूण केली. ही बोट रेल्वेचीच आहे, पास चालतो. संध्याकाळी पाण्यातलं लाल तोरण पाहिलं, ते सुंदरच आहे. पण दिवसभराच्या धावपळीत आमच्या मनात ठसली ती ती खूण. गाडीतून बोटीत जाताना आम्ही परके झालो नव्हतो, एकाच घराच्या ओटीवरून माजघरात जावं तसे गेलो.

देवघरात बसवायला नको

आता कोणी म्हणेल, प्रोफेसरसाहेब जपानची आरती ओवाळायला लागले. तसं नाही. तोया मारू ते बोगदा यांत चौतीस वर्षं गेली. बोगद्याच्या कामात ३४ कामगार मेले. आणि तो उघडला तोवर बरेचसे प्रवासी विमानानं जायला लागले होते, त्यामुळे एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. तेव्हा राष्ट्राचा स्वभाव, शिस्त, रक्तातले गुण असल्या गोष्टींत आम्ही पडत नाही. ती आळशी माणसाची कारणमीमांसा आहे.

आपल्याच देशातली उदाहरणं घ्या. दक्षिणेत रामेश्वर बेटावरच्या धनुष्कोडीहून श्रीलंकेला जाणारी बोट रेल्वेच्या प्रवासाचाच भाग होती, गाडीचं नावच बोट मेल. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, आख्खी पॅसेंजर गाडी समुद्रानं गिळली, पांबनचा पूल मोडला. तो पूल रेल्वेचा होता. दुरुस्तीला सहा महिने लागतील असा अंदाज होता, तरुण इंजिनिअर श्रीधरन यांनी ती ४६ दिवसांत केली. पुढे हेच श्रीधरन कोकण रेल्वेचे प्रमुख झाले.

आणि कोकण रेल्वेचं पाहा. अ. ब. वालावलकरांसारख्यांनी तिचा ध्यास घेतला, नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत ती लावून धरली, तरी महामंडळ स्थापन व्हायला १९९० उजाडलं आणि पूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. रामदासनंतर एक्कावन्न वर्षं. मात्र एकदा सांध्याला मालक मिळाल्यावर काय घडलं तेही सांगायला हवं. २००३ च्या पावसाळ्यात वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडी-दगडांमुळे गाड्या घसरून माणसं गेली. कुणाला विचारायचं हे तेव्हा स्पष्ट होतं. डोंगरउतारांवर जाळ्या आल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला गेला, आज पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रकच असतं. गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो. तो उशीर म्हणजे त्या मेलेल्या माणसांची नोंद आहे. तीच कोकणी जमीन, तीच मराठी माणसं, तोच पाऊस. फरक पडला तो उत्तरदायी कोण हे ठरल्यामुळे.

रेवसचं पाणी मात्र अजून तसंच आहे. रेवस-करंजा पुलाची कल्पना रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाबरोबर, म्हणजे अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून ऐकतो आहोत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट चालते, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, हे चांगलंच. आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा माणसं गेली. लाइफ जॅकेटची चर्चा त्यानंतर सुरू झाली. रामदासला तेव्हा सत्याहत्तर वर्षं झाली होती.

संयोग आणि त्याचा आधार

आमचा विषय तत्त्वज्ञानाचा, तेव्हा दोन मिनिटं त्याची मुभा द्या. वैशेषिक दर्शनात 'संयोग' नावाचा एक गुण सांगितला आहे. दोन वेगळी द्रव्यं एकमेकांना भिडतात तेव्हा त्यांच्यात संयोग उत्पन्न होतो. पक्षी येऊन खांबावर बसतो, तिथे हालचाल एकाचीच असते. दोन एडके टक्कर घेतात, तिथे दोघांची. बोट धक्क्याला लागते तो पहिला प्रकार, हलत्या पडावात हलत्या बोटीतून उतरायचं तो दुसरा. पण या शास्त्रकारांनी एक महत्त्वाची गोष्ट बजावली आहे. संयोग हा एका द्रव्यात राहत नाही, तो दोन्हींत मिळून राहतो. खांबाला असं म्हणता येत नाही, की संयोग पक्ष्याचा आहे, माझा संबंध नाही.

आपल्या व्यवहारात नेमकं हेच म्हटलं जातं. रेल्वे म्हणते, आमची हद्द फलाटापर्यंत. बंदरखातं म्हणतं, आमची धक्क्यापर्यंत. महापालिका म्हणते, आमची रस्त्याच्या कडेपासून. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या हद्दीत खरं, आणि सगळ्यांची खरी म्हणणी एकत्र केली की मध्ये एक जागा उरते जिथे कुणीच नाही. माणूस चेंगरतो तो तिथे, बुडतो तो तिथे.

आणि हे समुद्राचंच आहे असं समजू नका. २७ ऑगस्ट २००३, आपला सिंहस्थ. ३९ भाविक चेंगराचेंगरीत गेले. कोणती गाडी घसरली नव्हती, कोणती बस उलटली नव्हती. पंचवटीतल्या अरुंद उतारावर, वाहनातून उतरल्यानंतर आणि रामकुंडाला पोचण्याआधी, त्या मधल्या तुकड्यात ते गेले. २०१५ च्या सिंहस्थात त्याचा धडा घेतला गेला: बाहेर वाहनतळ, तिथून एसटीच्या गाड्या, मग पायी. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की म्हाताऱ्याकोताऱ्यांना मैलोगणती पायपीट पडली, आणि पुढच्या पर्वणीला तो सैल करावा लागला. माणसं जिवंत घरी गेली, ही लहान गोष्ट नाही. पण सांधा म्हणजे काय, हे अजून शिकणं चालू आहे, हेही त्यातून दिसलं.

२०२७ च्या पर्वण्या समोर आहेत. रोज वर्तमानपत्रांत वाचतो: इतक्या जादा गाड्या, इतके नवे रस्ते, इतके पूल, इतके घाट. सगळं वाहनांचं आणि बांधकामाचं. आमची तुम्हा नाशिककरांना विनंती अशी, की त्या बातम्या वाचताना एक प्रश्न विचारत चला. नाशिकरोडच्या फलाटावर उतरलेली सत्तरीची बाई रामकुंडावर पोचेपर्यंत, प्रत्येक पावलाला, ती कुणाची? रेल्वेची, पोलिसांची, महापालिकेची, एसटीची, कुणाचीही असो, चालेल. पण एक नाव सांगा, एक कार्यालय सांगा, जिथे तिच्या मुलानं जाऊन विचारलं तर 'ते आमच्याकडे येत नाही' असं उत्तर मिळणार नाही. ते नाव पर्वणीच्या आधी ठरलं पाहिजे. जपानलाही ते बुडालेल्या मुलींनंतर उमगलं, आपल्याला निदान ते आधी विचारता येतं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा.